ग्रंथालयात अमर बोस यांच्यावर कार्यक्रम करायचा झाल्यास

कोकणातल्या एखाद्या गावच्या ग्रंथालयात ‘बोस’ या स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे संस्थापक, अभियंते अमर बोस यांच्या कार्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचा असेल, तर तो दिवाळीनंतर ठेवावा. पत्र्यावर सरी कोसळत असताना ध्वनीविषयीचे व्याख्यान दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही, हे आम्ही एका जुलैत अनुभवले आहे.

सुरुवात जन्मतारखेने करू नये, १९५६ सालापासून करावी. त्या वर्षी एमआयटी या अमेरिकेतील तंत्रविद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेल्या बोस यांनी कागदावर उत्तम वाटणारा स्टिरिओ संच विकत घेतला. परंतु लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या त्यांच्या कानाला तो आवाज मुळीच पटला नाही. एवढे सांगून झाले की मागे वळावे: इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून अमेरिकेत गेलेले बंगाली क्रांतिकारक वडील, १९२९ साली फिलाडेल्फियात झालेला जन्म आणि महायुद्धाच्या काळात रेडिओ दुरुस्त करून घरखर्चाला लावलेला हातभार.

यानंतर बोलणे थांबवून प्रयोग करावा. लहान स्पीकरवर मृदंगासह भजन लावून तो आधी श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा, मग गिलावा केलेल्या मोकळ्या भिंतीकडे फिरवून, वीतभर अंतर राखून तेच कडवे पुन्हा ऐकवावे. आवाज किंचित बोथट होईल, पण तो खोक्यातून न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटेल. भिंतीवर पडदा किंवा सतरंजी असल्यास ती आधी काढावी, कारण कापड आवाज पिऊन टाकते. संगीतगृहात श्रोत्याच्या कानी पडणारा बराचसा आवाज भिंती व छतावरून परतून आलेला असतो, हे बोस यांनी हेरले होते. १९६४ साली त्यांनी कंपनी काढली. बावीस स्पीकरांचे पहिले मॉडेल बाजारात चालले नाही, मात्र १९६८ च्या ‘९०१’ ने नाव मिळवले. त्यातील नऊपैकी आठ स्पीकर भिंतीकडे तोंड करून होते. आपला प्रयोग ही त्याची केवळ चुणूक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

दानाचा भाग घाईत उरकू नये. २०११ साली बोस यांनी कंपनीचे बहुसंख्य भाग (शेअर) एमआयटीला दिले, पण मताधिकाराविना, म्हणजे कारभारात मत देण्याचा हक्क न देता. आपल्याकडे हे समजावणे सोपे आहे: हापूसची बाग संस्थेच्या नावे केली, दरवर्षीचे उत्पन्न संस्थेचे, मात्र बाग विकायची नाही आणि कलमांची निगा कशी राखायची यातही संस्थेने पडायचे नाही. ‘मग हे दान कसले?’ असे कुणीतरी विचारतेच. नफा संशोधनात घालता यावा म्हणून त्यांनी कंपनी शेअर बाजारात कधीच नेली नव्हती, हे उत्तर तयार ठेवावे.

गोंगाट कमी करणारे हेडफोन कुणाकडून मागून आणले असतील, तर ते अगदी शेवटी द्यावेत. ही कल्पना त्यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली आणि वैमानिकांसाठीचा संच बाजारात यायला १९८९ उजाडले. बाहेरच्या आवाजाच्या नेमकी उलटी लहर निर्माण करून तो आवाज मारला जातो; त्यामुळे पंख्याची किंवा होडीच्या इंजिनाची सलग घरघर विरते, शेजाऱ्याचे बोलणे मात्र बरेचसे ऐकू येते. मुले रांग मोडणार हे गृहीत धरून हेडफोनपाशी एक कार्यकर्ता उभा करावा.