दाटीवाटीची बाग मोकळी केली

कॉटेज बाग म्हणजे फुलांची दाटी, या समजुतीने मी रोपं अगदी चिकटून लावली होती. दोन महिन्यांत झिनियाच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे डाग आले; बोटाने पुसले तर निघायचे, दोन दिवसांत परत. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी! झाडांमधून हवाच खेळत नव्हती.

जिवावर आलं, पण दर तिसरं रोप उपटलं, रोगट पानं खुडून टाकली. झिनियात आता एक फुटाचं अंतर आहे, कडेला बुटकं अ‍ॅलिसम. पुढे लावलेले उंच हॉलिहॉक मात्र हलवले नाहीत. त्यांचं सोटमूळ खोल जातं, मोठं रोप जागा बदलणं सोसत नाही. त्याऐवजी मागच्या बाजूला दीड फुटावर हॉलिहॉकचं नवं बी टोचलं. पाणी सकाळी, फक्त बुंध्याशी.

नवी पानं स्वच्छ हिरवी आली आहेत.