एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून राजीनामा मागितला तर काय करायचं

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, जिथे बघावं तिथे सध्या हेच चालूय म्हणून एकदाचं लिहून टाकतो. प्रोजेक्ट स्वस्तातल्या दुसऱ्या देशात हलवायचं ठरलं की कंपनी "तुम्हाला काढतोय" असं सहसा म्हणत नाही, "तुम्हीच रिझाइन करा, रेकॉर्ड क्लीन राहील" असं गोड बोलते. त्या खोलीत त्या दिवशी कशावरच सही करायची नाही आणि पोर्टलवर रिझाइनचं बटण तर अजिबात दाबायचं नाही. "जे काय आहे ते मेलवर पाठवा, मी विचार करून सांगतो" एवढं बोलायचं आणि उठायचं. ऑफर आजच्यापुरतीच आहे म्हणतील, म्हणू देत.

एवढा हट्ट कशासाठी, तर राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात. कंपनीने काढलं तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्येही आहे, वर रीस्किलिंग फंडातून (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून असलेला निधी) आणखी १५ दिवसांचा पगार मिळायची तरतूद आहे. आता कोणी म्हणेल आम्ही आयटीवाले, आम्ही कुठले कामगार! तर टेक्निकल काम करणारा माणूस त्या व्याख्येत बसतो, पगार कितीही असो. मॅनेजर नाही बसत, पण व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर लिहिलंय आणि दिवसभर कोडच लिहिताय तर प्रत्यक्ष काम काय ते बघतात, त्यामुळे आपणच आधी हार मानायची नाही.

चाहूल बहुतेक वेळा केटीवरून, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपलं काम दुसऱ्याला शिकवून सोपवणं, यावरून लागते. २०१५ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला डिस्नेच्या आयटीवाल्यांना भारतातून आलेल्या माणसांना काम शिकवून मग घरी जावं लागलं होतं, त्याची बातमी आपण इथे बसून वाचली, आता त्याच खुर्चीत आपण. अचानक सगळं डॉक्युमेंट करा, रोज सेशन रेकॉर्ड करा असं सुरू झालं की त्याच आठवड्यात ऑफर लेटर, अप्रेझल लेटर, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ घरच्या मेलवर घ्या, कारण लॅपटॉपचा ॲक्सेस मीटिंग चालू असतानाच जातो. फक्त स्वतःचे कागद हं, क्लायंटची एक फाइल जरी घेतली तरी तुम्हीच अडकाल.

मग पैशाचा हिशोब. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक ६०,००० आणि आठ वर्षं असतील तर साधारण २ लाख ७७ हजार होतात, आणि राजीनामा दिला तरी ही मिळतेच, त्यामुळे "पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी देतोय" असं उपकार केल्यासारखं सांगितलं तर हसा मनात. थकलेला पगार नव्या वेज कोडप्रमाणे (पगाराबद्दलचा कायदा) दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. पीएफ लगेच काढू नका, सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो.

मेडिक्लेम सगळे विसरतात!! आईवडील कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतील तर शेवटच्या दिवसाआधीच इन्शुरन्स कंपनीला विचारा की वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करता येईल का, नंतर शुगर-बीपीवाल्या माणसाची नवी पॉलिसी काढताना फार वैताग होतो. ईएमआय असेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला.

दबाव फारच आला तर प्रत्येक बोलण्यानंतर "आज मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी नकार दिला" असा तारखेसकट मेल एचआरला टाका, पुढे हाच पुरावा. त्याच्या जोरावर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. नाइट्स ही पुण्यातली आयटी कर्मचाऱ्यांची संघटनाही आहे, २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं तेव्हा त्यांनी केंद्राच्या कामगार मंत्रालयापर्यंत विषय नेला होता.

आणि अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हिशोबच वेगळा, नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, त्यात नवीन एम्प्लॉयरने तुमच्यासाठी व्हिसाचं पिटीशन (अर्ज) फाइल केलं पाहिजे नाहीतर स्टेटस बदला किंवा परत या, त्यामुळे तिकडे सेव्हरन्सच्या (काढताना मिळणाऱ्या पैशाच्या) घासाघिशीपेक्षा इमिग्रेशन वकिलाला पहिला फोन.