अपूर्णांक आणि प्रमाणाची शाब्दिक गणितं कशी सोडवायची

स्कॉलरशिपची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना लसावि बरोबर काढता येतो, छेद सारखे करून बेरीजही जमते, पण शाब्दिक उदाहरण आलं की दिसतील ते आकडे उचलतात अन् तिरकस गुणाकार करून मोकळे होतात. म्हणून पेन चालवायच्या आधी दोनच प्रश्न विचारायला लावा, भाग कशाचा घ्यायचा आहे, आणि उत्तर वाढणार का कमी होणार.

समजा सीताबर्डीवर एका संत्रेवाल्याजवळ १० डझन संत्री आहेत, सकाळी २/५ विकली, संध्याकाळी उरलेल्याचा १/४ भाग विकला, तर शिल्लक किती? इथं "उरलेल्याचा" कोणी धड वाचतच नाही, सरळ २/५ + १/४ = १३/२० करतात, म्हणजे उरले ७/२०, म्हणजे ४२ संत्री. चूक! तो १/४ भाग १२० चा नाहीच ना भाऊ, सकाळी ४८ गेली, ७२ राहिली, त्याचा चौथा भाग १८, म्हणून शिल्लक ५४. लवकर करायचं असेल तर विकलेलं सोडा अन् उरलेलं धरा, ३/५ × ३/४ = ९/२०, १२० चे ९/२० म्हणजे तेच ५४. मला हीच रीत आवडते, वजाबाकीची कटकट नाही.

आता दुसरा प्रश्न. समृद्धी महामार्गावर ताशी ८० किमीनं ६ तास लागतात, तर तेच अंतर ताशी १२० नं किती वेळात? ८० ला ६ तर १२० ला किती असं मांडून ९ तास काढणारे लय भेटतात. अरे, गाडी जोरात पळवली अन् उशिरा पोचली का? वेग वाढला की वेळ घटतो, हे व्यस्त प्रमाण, इथं गुणाकार कायम राहतो: ८० × ६ = ४८०, भागिले १२०, उत्तर ४ तास. मजूर आणि दिवसांचं पण असंच.

समप्रमाणात, म्हणजे एक वाढलं की दुसरंही त्याच पटीत वाढतं तिथं, मात्र भागाकार कायम राहतो. ३ प्लेट तर्री पोह्याचे ९० रुपये तर ७ चे किती? आधी एका प्लेटचे ३० काढा, मग ७ नं गुणा, २१०. एकमान पद्धत, बस.

गुणोत्तरात एकक तेवढं बघा. ४५ मिनिटं आणि २ तास यांचं गुणोत्तर ४५:२ नाही होत, तासांची मिनिटं करा, ४५:१२०, दोन्हीला १५ नं भागलं की ३:८.