कौले दुरुस्त झाल्यावर काम नीट झाले का, हे कसे तपासावे?

कारागीर शिडी उतरवण्यापूर्वीच तपासणी करावी आणि तिची सुरुवात घराच्या आतून करावी. भर दुपारी दिवे बंद करून वर पाहिले असता सांध्यांतून अंधूक उजेड झिरपणे स्वाभाविक आहे. मात्र आकाशाचा थेट ठिपका दिसला, तर तेथील कौल सरकलेले, फुटलेले किंवा जोडीला न बसणारे आहे असे समजावे. खाचेची कौले वेगळ्या साच्यातील असतील तर ती एकमेकांत बसत नाहीत, म्हणून नुसता रंग जुळला यावर समाधान मानू नये. कौलाच्या पाठीमागचे नाक (बाहेर आलेला उंचवटा) रिपेला, म्हणजे कौले ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला, नीट अडकले आहे का, आणि कुजलेली रीप खरोखर बदलली की तिच्यावरच नवे कौल ठेवले, हेही आतूनच कळते.

नंतर दूर उभे राहून ओळी सरळ आहेत का ते पाहावे. तडा गेलेल्या कौलावर सिमेंट फासणे ही दुरुस्ती नव्हे. ती तात्पुरती मलमपट्टी आहे आणि तिचे पूर्ण पैसे मागणे मला तरी पटत नाही. आढ्यावरचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा, गिलावा सलग असावा, पन्हळीत तुकडे उरलेले नसावेत.

शेवटी पाण्याची चाचणी घ्यावी. नळीने वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) आढ्याकडे टप्प्याटप्प्याने पाणी सोडावे, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे आणि दुसऱ्या माणसाने आतून लक्ष ठेवावे. धार वरून खाली वाहील अशीच धरावी, कारण खालून मारलेले पाणी निर्दोष छपरातही शिरते.