यकृताचा विकार झालेल्या बजरीगरचा आहार बदलताना

आपल्याकडे बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगरला वर्षानुवर्षे केवळ राळे आणि बाजरी दिली आणि पिंजऱ्यात उडायलाही जागा नसली, तर त्याच्या यकृतात चरबी साठू शकते. चोच वेडीवाकडी वाढणे, चोचीवर वा नखांवर काळसर डाग दिसणे आणि विष्ठेतील पांढरा भाग पिवळा किंवा हिरवट होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. निदान मात्र पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

आहार बदलणे आवश्यक असले तरी दाणे एकदम बंद करणे ही सर्वांत घातक चूक ठरते, कारण एवढासा पक्षी अनोळखी अन्न ओळखेपर्यंत उपाशी राहतो आणि उपासमारीने आजारी यकृतावरचा ताण आणखी वाढतो. म्हणून पेलेट (पक्ष्यांसाठीचे तयार गोळीवजा खाद्य), बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा किसलेले गाजर नेहमीच्या दाण्यांत थोडे थोडे मिसळत काही आठवडे जाऊ द्यावेत. वाटीत वर दिसतात ती पुष्कळदा नुसती टरफले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

रोज सकाळी खाण्यापूर्वी एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या डिजिटल काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे. ४० ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन थोड्याच दिवसांत ४ ग्रॅमने घटले, तर डॉक्टरांना तातडीने कळवावे. वाढलेली चोच घरी कापू नये, कारण या विकारात रक्त लवकर गोठत नाही.