करंट पडला म्हणजे थ्रॉम्बिन सापडलं असं नाही: लाइटवर चालणारा बायोसेन्सर बनवताना

असा सेन्सर शिकायला थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं प्रथिन) बरं, कारण त्याचा अ‍ॅप्टामर, म्हणजे त्यालाच धरणारा डीएनएचा तुकडा, फक्त १५ अक्षरांचा आहे आणि तयार मिळतो, फक्त एका टोकाला अमीन (चिकटवायला लागणारा नायट्रोजनवाला गट) लावलेला मागवा.

आधी काच. एफटीओची, म्हणजे करंट नेणारा पारदर्शक थर दिलेल्या काचेची, एकच बाजू करंट नेते, मल्टिमीटर लावून बघाच, मी एकदा उलट्या बाजूवर अख्खा दिवस घालवलाय. अ‍ॅसिटोन, इथेनॉल, पाणी अशी सोनिकेटरमध्ये धुवून टेपने १ सेंमीचा चौकोन सोडा.

प्रकाश शोषणारा कार्बन नायट्राइड घरचाच करायचा, म्हणजे झाकणाच्या क्रुसिबलमध्ये युरिया घालून ५५० अंशांवर तीनेक तास, पण फर्नेसला एक्झॉस्ट हवा, अमोनिया सुटतो. ढीगभर युरियातून चिमूटभर पिवळट पावडर निघते, तुमचं काही चुकलेलं नाही. त्यात रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड (करंट नेणारे कार्बनचे पातळ पापुद्रे) १ टक्क्याच्या आसपासच, जास्त झालं की काळं पडून तेच प्रकाश अडवतं. हे पाण्यात हलवून काचेवर पातळ थेंब टाका, जाड थर वाळला की पापडासारखा सुटतो.

त्यावर एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी), यूआयओ-६६ चा अमीनवाला प्रकार, झिर्कोनियमचा असल्याने पाण्यात टिकतो. ग्लुटाराल्डिहाइडने (दोन अमीन जोडणारं रसायन) अ‍ॅप्टामर चिकटवताना बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, हेपीस घ्या, ट्रिस या दुसऱ्या बफरमध्ये स्वतःचंच अमीन असतं, ते मधेच ग्लुटाराल्डिहाइड खाऊन टाकतं. उरलेल्या जागा शेवटी बीएसएने (गाईच्या रक्तातलं साधं प्रथिन) झाका. बफरमध्ये थोडं पोटॅशियम हवं, त्याशिवाय या अ‍ॅप्टामरची घडी नीट बसत नाही.

मोजायला ४०५ नॅनोमीटरची एलईडी, २० सेकंद चालू, २० बंद. लाइट पडला की इलेक्ट्रॉन काचेकडे जातात, मागे राहिलेले होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) द्रावणातलं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड भरतं, आणि अ‍ॅप्टामरवर थ्रॉम्बिन बसलं की अ‍ॅस्कॉर्बिक आत पोचत नाही म्हणून करंट कमी होतो. अ‍ॅस्कॉर्बिक ताजं करा, घातल्यावर पीएच परत ७.४ ला आणा, एलईडीचं अंतर टेबलावर मार्करने आखून ठेवा.

आता माझा पोपट. सवयीने पीबीएस (फॉस्फेटचा बफर) वापरला, करंट मस्त उतरत गेला, सरांना ग्राफही दाखवला, नंतर थ्रॉम्बिन न घालता चालवलं तरी तसाच उतरला! फॉस्फेट झिर्कोनियमला धरतो आणि एमओएफच हळूहळू सुटत जातो. त्यामुळे आधी कोऱ्या हेपीसमध्ये दहा-बारा वेळा लाइट चालू-बंद करून रेघ सपाट येते का बघा, मग जादा बीएसए घालून बघा, हे थ्रॉम्बिन नाही, तरी त्यानेही करंट पडला तर थर परत करा, थ्रॉम्बिनची बाटली तोवर फ्रीजरमधून काढूच नका, महाग असते.