श्रावणात नवी पिल्ले आणताय? रक्ती हगवणीचे बाहेरगावचे वाण ओळखून राहा

आखाड सरला, शेड रिकामी झाली. दसरा-दिवाळीनंतरच्या गिऱ्हाइकासाठी गावरान, गिरिराज, वनराजची पिल्ले टाकायची ती याच दिवसांत. आणि रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला, नेमके हेच दिवस मानवतात. ऊन नाही, हवा दमट, लिटर म्हणजे शेडमध्ये अंथरलेले तूस ओले.

‘आमच्या कोंबड्यांना एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही,’ असे बरेच जण म्हणतात. हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी कळपच्या कळप बसतात.

हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. कोंबडीत त्याच्या सात प्रजाती पूर्वीपासून माहीत आहेत. टेनेला आंधळ्या (एका टोकाला बंद असलेल्या) आतड्यात रक्तस्राव करते, नेकॅट्रिक्स आणि मॅक्झिमा मधल्या आतड्यात घर करतात. एका प्रजातीचा रोग होऊन गेला तरी दुसरीपासून संरक्षण मिळत नाही. टेनेलातून वाचलेली तलंग नेकॅट्रिक्सने मरू शकते.

मॅक्झिमाची गोष्ट याहून पुढची आहे. तिच्या मोजक्या पुटी (विष्ठेतून पडणारी, टणक कवचातली परजीवीची बीजे) पोटात गेल्या तरी कोंबडीची प्रतिकारशक्ती चांगली जागी होते. पुढच्या वेळी तोच परजीवी आतड्याच्या पेशीत शिरला, तर शरीर त्याला वाढू न देता तिथेच संपवते. मात्र तुरीत जसे वाण असतात तसे मॅक्झिमातही असतात, आणि एका वाणाला ओळखणारे शरीर दुसऱ्याला ओळखेलच असे नाही. इंग्लंडमध्ये हॉटन आणि वेब्रिज या दोन वाणांवर हे तपासले गेले. ज्या वाणाची लागण आधी झाली होती, त्याच्यापासून कोंबड्यांना जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळाले. दुसऱ्या वाणापासून मिळालेले संरक्षण अपुरे होते, आणि ते किती हे कोंबडीच्या वंशावरही अवलंबून होते. म्हणूनच काही जिवंत लसींमध्ये (ज्यांत जिवंत परजीवीच असतो) मॅक्झिमाचे दोन वेगळे वाण घातलेले असतात.

आता हे आपल्या अंगणात आणून बघा. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी धडधाकट दिसते, कारण तिच्या गावचा वाण तिला सोसलेला आहे. तरीही तिच्या विष्ठेतून थोड्या पुटी पडत राहतात. तुमच्या पक्ष्यांना तो वाण नवा असतो. ओल्या, उबदार लिटरमध्ये पुटी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होते, आणि पोटात गेल्यावर साधारण आठवडाभरात एकीच्या हजारो होऊन बाहेर पडतात. तेव्हा माझे स्पष्ट मत: भाद्रपद संपेपर्यंत बाहेरचे मोठे पक्षी कळपात मिसळू नका. पिल्ले एकाच ठिकाणाहून, एकाच वयाची आणा. घ्यावेच लागले तर पक्षी वेगळ्या खुराड्यात ठेवा आणि त्यांची भांडी, खराटा, चपला वेगळ्या ठेवा. दुसऱ्याच्या शेडवरचे जुने तूस फुकट मिळाले तरी आणू नका.

लिटरची परीक्षा मुठीने होते. मूठभर तूस दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, हळूच सुटून पडला तर ठीक. रोज खाली-वर करा, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढून कोरडे टाका. भांडे पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा, सांडलवंड कमी होते. फिनेल शिंपडून पुटी मरत नाहीत. त्यांचे कवच टणक असते, कोरडेपणा आणि कडक उष्णता मात्र त्यांना सोसत नाही. शेड रिकामी असतानाच जमीन खरवडून, उकळते पाणी टाकून वाळवून घ्या.

जिवंत लस देणार असाल तर खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचा. खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे या रोगाला रोखणारे औषध, असेल तर ते लसीतला परजीवीही मारते आणि लस वाया जाते. ही चूक फार होते.

पिल्ले तीन ते सहा आठवड्यांची असताना रोज सकाळी विष्ठा बघा. पिसे फुगवून कोपऱ्यात बसणे, तुरा फिका पडणे, विष्ठेत रक्त किंवा नारिंगी शेंबूड दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून देतात. त्या दिवसांत ब१ जीवनसत्त्वाचे टॉनिक बंद ठेवा, कारण परजीवीला ब१ मिळू न देणे हेच या औषधाचे काम. अंड्यावरच्या कोंबड्यांना कोणतेही औषध विचारल्याशिवाय नको, ते अंड्यात उतरू शकते.

अंगणातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात, आणि सल्ला मात्र पुरुषांच्या बैठकीत दिला जातो. घरात हे त्यांना वाचून दाखवा. रक्त पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नका. ताजा असतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतडे उघडले की रक्त आंधळ्या आतड्यात आहे की मधल्या, हे डोळ्यांनीच दिसते. पुढची तपासणी लागली तर डॉक्टर नमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. सोबत पक्षी कुठून आणले, कधी आणले आणि कळपात आधी हा रोग कधी झाला होता, हे लिहून द्या.